हसरा चेहरा आणि अर्धा सेकंद

‘पाच मिनिटांत सर्व्हर हॅक करायला शिका’ ही जाहिरात या आठवड्यात माझ्या फोनवर इतक्यांदा आदळली की शेवटी वैतागून व्हिडिओ उघडला. काळा पडदा, हिरवी अक्षरं, मागे छातीत धडधड व्हावी असं संगीत. हुडी घातलेला मुलगा एनमॅप चालवतो. २१ नंबरच्या पोर्टवर ‘व्हीएसएफटीपीडी २.३.४’ दिसतं. मेटास्प्लॉइटमध्ये चार ओळी टाकतो आणि रूट मिळतो. मुलगा खुर्ची मागे ढकलून दोन्ही हात वर करतो. खाली फी, हप्त्यांची सोय आणि ‘प्लेसमेंटची हमी’.

सर्व्हर कुठला हे इथल्या वाचकांना सांगायला नकोच. आपलं मेटास्प्लॉइटेबल दोन. २०१२ चं, आत उबुंटू ८.०४, आणि टेलनेटने आत डोकावलं की स्वागताच्या पाटीवरच लॉगिन आणि पासवर्ड लिहून ठेवलेला. त्याच पाटीवर एक ताकीदही आहे: हे मशीन परक्या नेटवर्कवर उघडं ठेवू नका. व्हिडिओतल्या मुलाने ते बहुधा हॉस्टेलच्या वायफायवर उघडं ठेवलं होतं. पडद्यावरच्या आयपी पत्त्यावरून मला तसा वास आला. तेवढ्यावरून सिद्ध काही होत नाही, पण मी पैज लावायला तयार आहे.

गेल्या पावसाळ्यात या मशीनवर लिहिलं तेव्हा दुसऱ्या टोकाची पत्रं आली होती. ‘मॅडम, हे मढं आता तरी पुरा’ असं एकाने कळवलं. त्याचं म्हणणं, आजच्या सर्व्हरवर यातलं एकही भोक सापडत नाही, मग पोरांचा वेळ का घालवायचा? म्हणजे एका बाजूला पाच मिनिटांत विश्व जिंकणारे आणि दुसऱ्या बाजूला नाक मुरडणारे. दोघांनीही एक गोष्ट केलेली नाही. दार उघडल्यावर ते दार तिथे बसवलं कुणी, हे विचारलेलं नाही.

मेटास्प्लॉइट बंद करा आणि हाताने करून बघा. नेटकॅटने २१ नंबरच्या पोर्टला जोडा. सर्व्हर नाव आणि आवृत्ती सांगून स्वागत करतो. ‘यूझर’ लिहून कुठलंही नाव द्या आणि नावाच्या शेवटी अपूर्णविराम आणि बंद कंस जोडा, म्हणजे आपण व्हॉट्सॲपच्या आधी एसेमेसमध्ये काढायचो तो हसरा चेहरा. सर्व्हर शिस्तीत ३३१ म्हणतो, पासवर्ड मागतो. काहीही द्या. आता खिडकी गप्प होते, उत्तरच येत नाही. नवखा माणूस इथे चुकलं समजून बंद करतो. तुम्ही दुसरी खिडकी उघडा आणि ६२०० नंबरच्या पोर्टला जोडा. इथे स्वागत नाही, प्रॉम्प्ट नाही, नुसता लुकलुकणारा कर्सर. ‘आयडी’ हा हुकूम टाइप करून एंटर दाबा. युआयडी शून्य. रूट.

एफटीपी सर्व्हरच्या कोडमध्ये हसऱ्या चेहऱ्याचं काम काय? ही चूक नाही. बफर ओसंडलेला नाही, कुणाची मोजणी हुकलेली नाही. ते कुणीतरी मुद्दाम लिहिलंय. नावात मोकळी जागा आहे का हे तपासणाऱ्या एका साध्या फंक्शनमध्ये दोन अक्षरांची तपासणी घुसवली, आणि ती सापडली की दुसऱ्या फंक्शनने ६२०० वर शेल उघडून द्यायचं. २०११ च्या जूनअखेरीला व्हीएसएफटीपीडीच्या मूळ डाउनलोडच्या जागेवरचा टारबॉल कुणीतरी बदलला. ३ जुलैला लेखक ख्रिस इव्हान्स यांनी तो काढून टाकला आणि सगळ्यांना सांगितलं की डाउनलोडसोबतची सही पडताळली असती तर ती जुळली नसती. कोड लपवण्याचा प्रयत्नच नव्हता, सावज कोण हे शोधण्याची सोयही नव्हती. त्यामुळे हा गंभीर घातपात नसून कुणीतरी केलेली टवाळी असावी, असा त्यांचा अंदाज होता.

त्याच मशीनवर ६६६७ नंबरच्या पोर्टवर याची थोरली बहीण बसलेली आहे. अनरियल आयआरसीडी ३.२.८.१. ‘एबी’ ही दोन अक्षरं आधी लावून पाठवली की पुढे जे येईल ते सर्व्हर हुकूम म्हणून पाळतो. तिथेही टारबॉलच बदलला होता, २००९ च्या नोव्हेंबरच्या सुमारास, काही मिरर सर्व्हरवर. लक्षात आलं २०१० च्या जूनमध्ये. मधले सात महिने लोक तो उतरवून घेत होते, बसवत होते, चालवत होते. त्यानंतर त्या मंडळींनी डाउनलोडवर पुन्हा सही करायला सुरुवात केली.

आता यांच्या शेजारी २०२४ ची एक्सझेडची गोष्ट ठेवा. या दोन्हींना शेजारी बसवलेलं मी कुठल्याच क्लासच्या अभ्यासक्रमात पाहिलेलं नाही, आणि माझ्या मते सगळं शिक्षण या शेजारातच आहे.

एक्सझेड ही फाइली दाबून लहान करणारी लायब्ररी. ती लासे कॉलिन नावाचा एक फिनिश गृहस्थ बरीच वर्षं जवळपास एकटा सांभाळत होता, बिनपगारी, छंद म्हणून. २०२१ च्या अखेरीस ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी छोटे छोटे पॅच पाठवायला लागलं. कामसू, नम्र, वेळेवर उत्तर देणारं. २०२२ मध्ये मेलिंग लिस्टवर आणखी काही नावं उगवली आणि पॅच लवकर घेत नाही, कुणाला तरी मदतीला का घेत नाही, म्हणून कॉलिनच्या मागे लागली. त्यातलं एक नाव ‘जिगर कुमार’. आपल्याकडच्या काहींना ते वाचून उगीच चोरट्यासारखं झालं असेल. काळजी नको, ही नावं काम झाल्यावर गायब झाली आणि खरी नसावीत असाच सर्वसाधारण समज आहे. कॉलिनने आपली तब्येत ठीक नसल्याचं लिहिलं. जिया टॅनच्या हाती हळूहळू कारभार गेला. २४ फेब्रुवारी २०२४ ला ५.६.० ही आवृत्ती निघाली, ९ मार्चला ५.६.१. दोन्हींच्या पोटात चोरदरवाजा.

बघा काय जुळतं. २०११ मध्ये विष टारबॉलमध्ये होतं. २०२४ मध्ये विषाची पुडी चाचणीच्या फाइलींच्या रूपात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत रिपॉझिटरीत पडून होती, पण ती उघडून बिल्डमध्ये कालवणारी ओळ फक्त टारबॉलमध्ये होती. रिपॉझिटरीतला कोड कितीही बारकाईने वाचला असता तरी ती ओळ दिसली नसती. तेरा वर्षं गेली तरी जागा तीच राहिली: लेखकाने लिहिलेला कोड आणि आपण उतरवून घेतलेली फाइल, यांच्यामधली फट.

आणि काय जुळत नाही तेही बघा, कारण माझी खरी बोच तिथे आहे. व्हीएसएफटीपीडीच्या बाबतीत सही तपासणारा वाचला असता. गेली कित्येक वर्षं या जागेवरून मी ‘सही तपासा, सही तपासा’ म्हणून घसा कोरडा केला, वाचकांनी माझी टिंगलही केली. एक्सझेडच्या टारबॉलवरची सही मात्र अस्सल होती. जिया टॅनचीच. जुना चोर रात्री कुंपणावरून उडी मारून आला होता. नवा सोसायटीत भाड्याने राहायला आला, मीटिंगांना बसला, पाण्याच्या टाकीचं काम अंगावर घेतलं, आणि सेक्रेटरी होऊन सगळ्या किल्ल्या रीतसर सही करून ताब्यात घेतल्या. वॉचमनने त्याला सलामच ठोकायचा.

दाराची घडणही वेगळी. हसऱ्या चेहऱ्याचं दार कुणालाही उघडायचं, माहिती असली की झालं. म्हणून तर क्लासवाल्यांचं पोट चालतं. एक्सझेडचं दार फक्त ते बसवणाऱ्याच्याच खाजगी किल्लीने उघडणार. एसएसएचच्या लॉगिनमध्ये त्या किल्लीने सही केलेला मजकूर आला तरच हालचाल, बाकी सगळ्यांसाठी सर्व्हर सोज्वळ. एनमॅप लावा, स्कॅनर लावा, व्हिडिओतला मुलगा आणि त्याचं संगीत लावा, बाहेरून काहीही कळायचं नाही. शिवाय एसएसएचच्या मूळ कोडला एक्सझेडची गरजसुद्धा नाही. डेबियन, फेडोरा वगैरे मंडळींनी सिस्टिमडीला निरोप जावा म्हणून एसएसएचला एक ठिगळ लावलं होतं, त्या ठिगळातून ही लायब्ररी आत ओढली गेली.

सापडलं ते कसं? आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेसवर काम करणारा डेटाबेसचा माणूस, मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला. डेबियनच्या अस्थिर आवृत्तीवर कसल्याशा मोजमापासाठी तो मशीन शांत करू पाहत होता, तर एसएसएच नको इतका सीपीयू खातंय असं दिसलं. लॉगिनला पूर्वी ०.३ सेकंद लागायचे, आता ०.८. अर्धा सेकंद! आपल्याकडे लॉगिनला अर्धं मिनिट लागलं तरी माणसं चहा घेऊन येतात. हा उकरत बसला, आणि २९ मार्चला, गुड फ्रायडेच्या दिवशी, त्याने सगळ्या जगाला कळवलं. त्यातच स्पष्ट लिहिलं होतं की मी सुरक्षा संशोधक नाही.

आणि क्लासच्या जाहिरातदारांनी भिंतीवर लावावा असा तपशील हा: त्या २६ ते २९ मार्चच्या दरम्यान ज्यांनी काली लिनक्स अपडेट केलं, त्यांच्याकडेही एक्सझेडची ती आवृत्ती आली होती. काली म्हणजे ज्यावर बसून पोरं मेटास्प्लॉइटेबलवर हल्ला करतात ते मशीन. त्या आठवड्यात कुणी ‘रूट मिळाला’ म्हणून हात वर केले असतील, तेव्हा समोरच्या मशीनमध्ये २०११ चा चोरदरवाजा होता आणि स्वतःच्या मांडीवरच्या मशीनमध्ये २०२४ चा. मशीन पाडणं शिकवलं, आपलं मशीन कुठून भरलं जातं हे बघायला कुणी शिकवलं नाही.

आता माझा नेहमीचा राग. वाचकांना तो पाठ आहे, तरी पुन्हा ऐका. ही पोरं पुढे ऑडिट करणाऱ्या कंपन्यांत जातात. तिथे स्कॅनर चालवून निघालेला भला मोठा प्रिंटआउट, वर लाल-पिवळे-हिरवे गोल, खाली शिक्का, याला ‘अहवाल’ म्हणतात. असे अहवाल माझ्याकडे अधूनमधून लोक ‘जरा बघता का’ म्हणून पाठवतात. त्यात तेच वाक्य शंभर सर्व्हरसाठी शंभर वेळा चिकटवलेलं असतं. सर्व्हरवरचा कुठला प्रोग्रॅम कुठून आला, कोणी बांधला, तो सांभाळणारा माणूस कोण आणि तो एकटा आहे का, यावर एक ओळ नसते. माझा संशय, आणि पुरावा मागू नका, की हे लिहिणाऱ्यांतल्या दहातल्या नऊ जणांनी आयुष्यात एकदाही टारबॉलची सही पडताळलेली नाही. दहाव्याने पडताळली असेल, पण ‘की सापडली नाही’ असा संदेश आल्यावर पुढे ढकललं असेल.

मशीन जुनं झालं म्हणणाऱ्या वाचकाला म्हणूनच सांगते: पुरू नका. १५२४ नंबरचं पोर्ट जोडताच रूट देतं, डेटाबेसच्या रूटला पासवर्डच नाही, ‘सिस’ या खात्याचा पासवर्ड ‘बॅटमॅन’ आहे, हे सगळं एका दुपारी करून मोकळे व्हा. त्यात शिकण्यासारखं फार नाही. २१ आणि ६६६७ मात्र सोडू नका, कारण बाकीची भोकं आळसाची आहेत आणि ही दोन विश्वासाची. सराव आपल्याच मशीनवर, होस्ट-ओन्ली नेटवर्कवर. शेजाऱ्याच्या सर्व्हरवर हीच करामत केलीत तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ वं कलम आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि क्लासचं प्रशस्तिपत्र तिथे कुणी बघत नाही.

सरावाचा क्रमही मी उलटा लावेन. आधी रूट मिळवून टाका, त्यात काही नाही. मग २.३.४ चा मूळ सोर्स आणि बिघडवलेला सोर्स दोन्ही मिळवा, शेजारीशेजारी ठेवा आणि डिफ काढा. मोजक्याच ओळी पुढे येतील. त्यात ०एक्स३ए आणि ०एक्स२९ असे दोन आकडे शोधा. एक अपूर्णविराम, दुसरा बंद कंस. ते सापडले की एक्सझेड ५.६.१ ची रिपॉझिटरी आणि तिच्या टारबॉलचा सोर्स, बिल्ड न करता, असेच समोरासमोर मांडा. या वेळी डिफ मैलभर लांब निघेल, बहुतेक सगळं यंत्राने तयार केलेलं, निरुपद्रवी, कंटाळवाणं. ती ओळ त्यातच कुठेतरी आहे. पाच मिनिटांत सापडली तर फी मी भरते.