आपद्धर्माची सबब आणि जहाजावरचे ताट

उन्हाळ्यातील अलास्काच्या सामुदायिक सागरी सहलीची आखणी मंडळाच्या बैठकीत सुरू झाली, की दूध, दही, तूप, अंडे व मध यांपैकी काहीच न घेणाऱ्या सभासदांच्या जेवणाचा प्रश्न हटकून निघतो, आणि त्याचे उत्तरही हटकून एकच मिळते: आठवडाभराचा तर प्रश्न, त्यांनी थोडे सांभाळून घ्यावे, प्रवासात एवढे तेवढे चालते. हे उत्तर देणाऱ्यांच्या मनात आकस नसतो, बहुधा आपुलकीच असते, हे मी जाणतो. तथापि ते उत्तर मला तत्त्वतः आणि व्यवहारतः, दोन्ही अंगांनी अग्राह्य वाटते. व्हीगन सभासदाने आपला नियम समुद्रावरही तसूभर न ढळता पाळावा, आणि त्याच्या जेवणाची तजवीज ही त्याची खाजगी अडचण न समजता सहल काढणाऱ्या मंडळाने ती आपल्या कर्तव्यात गणावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा नियम कशासाठी आहे याचा आपल्या घरांतून फारसा विचार झालेला नाही. गोरसाला पावित्र्य देणाऱ्या संस्कारांत वाढलेल्या माणसाला दुधात हिंसा असते हे ऐकणेसुद्धा जड जाते, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु गाय व्याल्याखेरीज दुभत नाही, दूध चालू राहावे म्हणून तिला पुनःपुन्हा गाभण ठेवावे लागते, नर वासराचा दुग्धव्यवसायाला उपयोग नसल्यामुळे त्याची रवानगी मांसाच्या बाजारात होते, आणि दूध आटलेल्या गाईचीही वाट अखेर तीच असते, हा आपण ज्या देशात राहतो तेथील दुग्धव्यवसायाचा रोजचा शिरस्ता आहे. १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन व त्यांचे सहकारी यांनी व्हीगन सोसायटी स्थापन केली ती नेमक्या याच विचाराने. मांस सोडूनही दुधाच्या वाटेने आपण कत्तलखान्याशी बांधलेलेच राहतो, हे त्यांना सलत होते. ज्याला हे पटले त्याच्या दृष्टीने चमचाभर लोणी आणि वाटीभर लोणी यांत प्रमाणाचा भेद असेल, प्रकाराचा नाही. म्हणूनच 'थोडेसेच आहे' हे वाक्य त्याला समाधान देत नाही. त्याच्या नियमाची आपल्याला किंमत नाही एवढेच ते त्याला कळवते.

प्रवासात चालते, या म्हणण्याच्या मागे आपल्या परंपरेतील आपद्धर्माची कल्पना उभी आहे, आणि ती कल्पना थोर आहे यात शंका नाही. पण तिची मर्यादा आपल्या पूर्वजांनी किती काटेकोरपणे आखली होती, हे छांदोग्य उपनिषदातील उषस्ति चाक्रायणाच्या कथेत पाहावे. गारपिटीने कुरुदेश उद्ध्वस्त झालेला, उषस्ति आपल्या पत्नीसह अन्नाच्या शोधात फिरत एका माहुताच्या गावी आलेला, आणि तो माहूत स्वतःच्या पात्रातील उष्टे कडधान्य खात बसलेला. उषस्तीने ते उष्टे मागून घेतले. परंतु माहुताने वर पाणी देऊ केले तेव्हा ते उष्टे म्हणून नाकारले. कडधान्य तरी उष्टे नव्हते काय, या प्रश्नाला त्याने दिलेल्या उत्तराचा आशय असा, की ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो; पाणी मात्र मला हवे तेथे मिळण्यासारखे आहे. प्राण वाचवण्यापुरती जेवढी सवलत आवश्यक तेवढीच घ्यावी आणि तिच्या पुढे एक घोटसुद्धा जाऊ नये, इतका हा विवेक सूक्ष्म आहे. आता त्या दुष्काळाच्या शेजारी आजचे पर्यटनजहाज ठेवून पाहा. पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत जेथे कोठे ना कोठे अन्न मांडलेले असते, फळांच्या राशी असतात, शीतगृहे आठवडाभराच्या भाज्यांनी भरलेली असतात, तेथे कसली आपत्ती? तेथे आपद्धर्माची सबब पुढे करणे म्हणजे त्या उदात्त कल्पनेला आपल्या सोयीच्या दावणीला बांधणे होय.

तरीही व्हीगन माणूस अशा जहाजावर अर्धपोटी राहू शकतो, आणि तो का राहतो हे समजण्यासाठी जहाजाचा मुदपाकखाना कसा चालतो हे ध्यानात घेतले पाहिजे. भोजनगृहांतील मुख्य पदार्थ कंपनीच्या दफ्तरात फार आधी ठरलेले असतात. सिअॅटलहून निघून सिअॅटललाच परतणाऱ्या जहाजावर जुने प्रवासी उतरण्याचा आणि नवे चढण्याचा जो एकच दिवस असतो, त्याच दिवशी पुढील आठवड्याचा शिधा कोठीत चढवला जातो. त्या दिवशी जो जिन्नस चढला नाही तो पुढे मिळेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. अलास्काची राजधानी असलेल्या जूनोला उर्वरित खंडाशी जोडणारा रस्ताच नाही, केचिकन तर बेटावर वसलेले, आणि तेथील बाजारात जे बाहेरून येते ते जहाजाने वा विमानानेच येते. शिवाय हजारो माणसांचा स्वयंपाक मोठमोठ्या कढयांतून एकदम होत असल्यामुळे पदार्थाचे मूळ रूप ताटात आल्यावर ओळखता येत नाही. भाज्यांच्या म्हणून वाढलेल्या सुपाचा पाया कोंबडीच्या हाडांच्या अर्काचा असू शकतो, भातही त्याच अर्कात शिजलेला असू शकतो. वाफवलेल्या भाज्यांवर शेवटी लोणी फिरवलेले असते, पावाच्या वरच्या तुकतुकीत कवचाला अंडे किंवा दूध लावलेले असते, भाज्यांच्या टिकिया अंड्याने बांधलेल्या असतात, बटाट्याचे काप ज्या तेलात तळले त्यातच थोड्या वेळापूर्वी मासे तळलेले असतात, थाई रश्शाच्या वाटणात सुकी कोळंबी असते आणि वूस्टरशायर सॉसमध्ये अँकोव्ही मासा. वाढणाऱ्याला यातील पुष्कळशा गोष्टी ठाऊक नसतात, आणि तो ज्या प्रामाणिकपणे 'यात काही नाही' असे सांगतो त्या प्रामाणिकपणावर पानावर बसलेल्याला विसंबता येत नाही.

येथे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते, की जहाजावर भारतीय पदार्थ असतात, मग चिंता कशाची? वस्तुस्थिती याच्या उलट आहे. जहाजावरचे भारतीय शाकाहारी जेवण म्हणजे बहुधा पनीर, मलई घातलेली काळी डाळ, दुधादह्यात भिजवलेला नान आणि शेवटी खीर किंवा गुलाबजाम. मांस न खाणाऱ्या पण गोरस घेणाऱ्या माणसासाठीच ते योजलेले असते. याउलट आपल्या स्वतःच्या घरचे रोजचे जेवण, म्हणजे पिठले, भाकरी, मटकीची उसळ, तेलाची फोडणी दिलेली आमटी, कांदेपोहे, शेंगदाण्याची चटणी, नारळाच्या दुधाची सोलकढी, हे बव्हंशी प्राणिजन्य पदार्थांवाचूनच सिद्ध होते. आपल्या मराठी गटाने यातील दोनतीन पदार्थ कृतींसह आधी लिहून पाठवले तर ते कोणत्याही कुशल आचाऱ्याला अवघड जाणार नाहीत. मागितले मात्र पाहिजे.

आणि मागायचे केव्हा, हा माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. आपल्या लोकांत एक रीत पडली आहे: जहाजावर चढायचे, भोजनगृहात एखादा गोव्याचा किंवा मुंबईचा मुलगा हेरायचा, त्याच्याशी दोन शब्द बोलायचे, आणि रात्री त्याच्याकडून आपल्यापुरता वरणभात करवून घ्यायचा. यात जिव्हाळा आहे, आणि त्याला इतिहासाचा आधारही आहे. इंग्रजी अमदानीत पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या बोटींवर भोजनगृह व मुदपाकखाना बव्हंशी गोमंतकीयांच्या हाती असे आणि डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी राबत. परंतु ज्या माणसाच्या मायेवर आपण हक्क सांगतो त्याचा दिवस कसा असतो? २०१३ पासून अमलात असलेला आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार खलाशाला २४ तासांत किमान १० आणि ७ दिवसांत किमान ७७ तास विश्रांतीचे मान घालून देतो. किमान विश्रांती कायद्याने ठरवून द्यावी लागते, यावरूनच कामाचे तास कोठवर जात असतील याची कल्पना यावी. तो मुलगा कित्येक महिने घरापासून दूर, साप्ताहिक सुट्टीवाचून राबत असतो, आणि आपण त्याच्या नेमून दिलेल्या कामावर आणखी एक काम, तेही वरिष्ठांच्या हुकुमाशिवाय, चढवतो. व्हीगन माणसाच्या काटेकोरपणामुळे नोकरवर्गाला त्रास होतो असा आक्षेप अनेकदा घेतला जातो. त्रास होतो तो काटेकोरपणामुळे नव्हे. वेळेवर न सांगितल्यामुळे होतो. तीच मागणी काही आठवडे आधी कंपनीकडे लेखी रुजू झाली, तर ती कोठीच्या यादीत जाते, आचाऱ्यांच्या वाटणीत जाते आणि नेमलेल्या वेळेतले नेमलेले काम होते.

याहून अधिक आक्षेपार्ह अशी दुसरी एक युक्ती अनुभवी प्रवासी नवख्यांना शिकवतात: दुधाची अॅलर्जी आहे असे खुशाल सांगावे, म्हणजे काम फत्ते. अमेरिकन कायद्याने प्रमुख मानलेल्या अॅलर्जींच्या यादीत दूध व अंडे आहेत, २०२३ पासून तीळ धरून ती यादी ९ पदार्थांची झाली आहे, आणि जहाजावरचे आचारीही या पदार्थांबाबत अत्यंत दक्ष असतात, हे खरे. पण अॅलर्जी म्हटली की भांडी वेगळी, पाट्या वेगळ्या, हात पुन्हा धुणे, मुख्य आचाऱ्याची जातीने देखरेख, असा सारा बंदोबस्त हलतो; कारण तेथे प्रश्न कोणाच्या तरी श्वासाचा असतो. तो बंदोबस्त खोट्या कारणाने वारंवार हलवला तर ज्या मुलाला खरोखरच दुधाच्या थेंबाने धाप लागते त्याच्या सांगण्यावरचा इतबार कमी होतो. शिवाय या असत्याने आपले कामही पुरते साधत नाही, कारण कोंबडीचा अर्क, जिलेटिन आणि मध त्या यादीत नाहीतच. करुणेपोटी स्वीकारलेला नियम असत्याच्या आडोशाने पाळावा लागणे मला अतिशय क्लेशकारक वाटते. 'मी हे नैतिक कारणासाठी खात नाही' एवढे सरळ वाक्य उच्चारण्यास आपण का कचरावे?

संकोच माणसाला काय करायला लावतो हे मोहनदास गांधींनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून 'क्लाइड' बोटीने ते विलायतेला निघाले. काटे-चमचे वापरण्याची सवय नव्हती, कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचे धैर्य नव्हते, आणि म्हणून भोजनगृह टाळून त्यांनी आपल्या खोलीतच, बरोबर नेलेल्या मिठाईवर आणि फळांवर निर्वाह केला. त्या वेळी ते एकोणीस वर्षांचेही नव्हते आणि राज्य परक्यांचे होते. पुढे १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूधच सोडले, आणि गुजरातेतील खेडा जिल्ह्यातल्या सैन्यभरतीच्या श्रमांनंतर आलेल्या गंभीर आजारात गाईम्हशींचे दूध टाळून शेळीचे घेतले, तेव्हा व्रताचे अक्षर राखून आपण त्याचा आत्मा मारला, ही खंत त्यांनी आयुष्यभर बाळगली. आजार ही खरी आपत्ती होती. तेथेही त्यांचे मन त्यांना सोडत नव्हते. मग पूर्ण भाडे भरून, आप्तेष्टांच्या संगतीत निघालेल्या आपल्या सभासदाने चार दिवस सॅलड आणि टरबुजाच्या फोडी खाऊन हसतमुख बसावे, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो?

एक आक्षेप मात्र मी हलका मानत नाही. जे जहाज टनावारी इंधन जाळते त्याच्यावर बसून दुधाच्या थेंबाची चर्चा करण्यात विसंगती आहे, असे काही तरुण सभासद म्हणतात. उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यालगत २०१५ पासून जहाजाच्या इंधनातील गंधकाचे प्रमाण ०.१ टक्क्यापर्यंत खाली आणले गेले आहे. पण त्याने कर्बवायू कमी होत नाही, आणि ज्याने केवळ पर्यावरणासाठी दूध सोडले असेल त्याने सहलीलाच जावे की नाही याचा विचार करावा, हे मला मान्य आहे. परंतु प्राण्यांसाठी ज्याने नियम घेतला त्याला एका बाबतीत तू अपुरा पडलास म्हणून दुसरीही सोड, असे सांगणे न्यायाचे नाही. तसे सांगू लागलो तर कोणालाच कोणतेही सत्कृत्य सुरू करण्याची मुभा उरणार नाही.

मंडळाने करावयाचे काम फार मोठे नाही. एकटा प्रवासी अर्ज करतो तेव्हा त्याच्या शब्दाला जे वजन असते त्यापेक्षा अनेक खोल्या एकदम घेणाऱ्या मंडळाच्या शब्दाला पुष्कळ अधिक असते. म्हणून बयाणा भरण्यापूर्वीच, कोणते पदार्थ वर्ज्य आहेत याची निःसंदिग्ध यादी, अशा सभासदांची संख्या, आणि न्याहारीपासून रात्रीपर्यंतच्या प्रत्येक जेवणात पोटभर असा एक तरी पदार्थ हवा ही अट, कंपनीला लेखी कळवावी व तिचे लेखी उत्तर घ्यावे. अनेक जहाजांवर मुख्य वाढपी आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाची पदार्थसूची आणून दाखवतो आणि त्यावरून वेगळे जेवण ठरवता येते. ही सोय आपल्या गटाला मिळावी, असेही त्यात नमूद करावे. हे अशक्य आहे असे कोणी म्हटले तर त्याला सांगावे, की ओशिआनिया कंपनीने २०१७ सालीच आपल्या जहाजांवर दोनशेहून अधिक वनस्पतिजन्य पदार्थांची सूची सुरू केली. ज्या कंपनीला एवढे जमत नाही तिच्याऐवजी दुसरी पाहावी. सिअॅटलच्या धक्क्यावरून एकाच कंपनीची जहाजे सुटत नाहीत.

राहता राहिला जहाजावर होणाऱ्या आपल्या आरतीचा प्रसाद. घरी केलेले खाद्यपदार्थ जहाजावर सहसा नेऊ देत नाहीत, मोहोरबंद कोरडे जिन्नस मात्र बहुधा चालतात. तेव्हा दरवेळी पेढ्यांचेच पुडे नेण्याऐवजी खोबरे, खारीक, खसखस, खडीसाखर आणि बेदाणे एवढे बरोबर घेऊन तेथेच पंचखाद्य करावे, म्हणजे प्रसादासाठी पुढे आलेला कोणाचाही हात रिकामा मागे जाणार नाही. कार्यकारिणीच्या येत्या बैठकीत करारनाम्यातील अटीचा मसुदा सादर करण्याची माझी तयारी आहे, आणि तो सहलीचे दर ठरण्यापूर्वी विचारात घेतला जावा अशी माझी विनंती आहे.