जहाजं मोजायची की पोती?

एक साधा प्रश्न. लढाई कोणी जिंकली हे कसं ठरवायचं? बुडालेली जहाजं मोजून, की धक्क्यावर उतरलेली पोती मोजून?

आज 1 जून. 1794 साली याच तारखेला अटलांटिक महासागरात, फ्रान्सच्या किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर, ब्रिटिश आणि फ्रेंच आरमारं एकमेकांना भिडली. इंग्रज त्या दिवसाला आजही 'गौरवशाली एक जून' म्हणतात. पण ही लढाई कुठल्या बेटासाठी नव्हती की बंदरासाठी नव्हती. ती होती धान्यासाठी.

झालं असं. राज्यक्रांतीनंतरचा फ्रान्स एकाच वेळी ब्रिटन, ऑस्ट्रिया, प्रशिया, स्पेन, हॉलंड अशा सगळ्यांशी लढत होता. 1793 चं पीक चांगलं आलं नव्हतं. शेतातली तरणी माणसं सैन्यात गेलेली, कागदी नोटांची किंमत घसरत चाललेली, त्यामुळे शेतकरी धान्य बाजारात आणायला तयार नाही. त्यात जून 1793 मध्ये ब्रिटननं आपल्या आरमाराला हुकूम दिला की फ्रान्सकडे धान्य घेऊन जाणारी तटस्थ देशांची जहाजंसुद्धा अडवा. म्हणजे सैन्याशी लढायचं ते लढायचंच, पण सोबत अख्ख्या देशाच्या पोटावर पाय द्यायचा.

आपल्याला हे काही नवीन नाही. पानिपतावर शेवटची लढाई व्हायच्या आधी कित्येक दिवस मराठ्यांच्या छावणीत उपासमार सुरू झाली होती. रसद तुटली की निम्मी लढाई तिथेच संपते.

फ्रान्सनं मग अमेरिकेकडून धान्य आणायचं ठरवलं. एप्रिल 1794 मध्ये शंभराहून जास्त व्यापारी जहाजांचा काफिला अमेरिकेतून निघाला. पोटात गहू आणि पीठ, शिवाय कॅरिबियन बेटांवरची साखर आणि कॉफी. सोबत युद्धनौका अगदी मोजक्या. हा काफिला सुखरूप घरी आणायची जबाबदारी होती अॅडमिरल व्हिलारे-जॉयूझ यांच्यावर. काफिला गेला तर तुमचं डोकंही जाईल, अशी तंबी रोबेस्पिएरनं त्यांना दिली होती असं सांगतात. गिलोटीन रोज चालत असतानाचा तो काळ, त्यामुळे ही तंबी कोणी गमतीवारी घेतली नसणार.

समोर होते 68 वर्षांचे लॉर्ड हाउ. 28 आणि 29 मे रोजी चकमकी झाल्या, मग दोन दिवस दाट धुकं. 1 जूनला सकाळी धुकं विरलं आणि 25 ब्रिटिश जहाजं 26 फ्रेंच जहाजांवर चालून गेली. फ्रेंचांची धाडसाला कमी नव्हती, पण अनुभवी अधिकारी क्रांतीच्या धामधुमीत देश सोडून गेलेले आणि खलाशी बरेचसे नवखे. दिवसअखेर त्यांची सहा जहाजं पकडली गेली, सातवं 'व्हेंजर' बुडालं. मेलेले, जखमी आणि कैदी मिळून फ्रेंचांनी हजारो माणसं गमावली.

आणि काफिला? आरमारं एकमेकांत गुंतलेली असताना तो पुढे सरकत राहिला. जूनच्या मध्याला सगळं धान्य ब्रेस्टच्या बंदरात!

आपल्याकडे म्हणतात ना, गड आला पण सिंह गेला. तसंच हे.

आता खरी गंमत बघा. लंडनमध्ये विजयोत्सव. राजा तिसरा जॉर्ज स्वतः पोर्ट्समथला गेला, हाउंना रत्नजडित तलवार दिली. आणि पॅरिसमध्ये? तिथेही जल्लोषच. 'व्हेंजर'चे खलाशी शरण न जाता प्रजासत्ताकाचा जयजयकार करत बुडाले, अशी कहाणी बारेर नावाच्या पुढाऱ्यानं संसदेत रंगवून सांगितली. प्रत्यक्षात जहाज शरण आलं होतं, ब्रिटिश होड्यांनी शेकडो खलाशांना वाचवलं होतं आणि वाचलेल्यांत कप्तानही होता. पण हुतात्म्यांची गोष्ट टाळ्या मिळवते, पिठाची पोती मिळवत नाहीत.

माझं मत विचाराल तर त्या दिवशी फ्रान्स जिंकला. आरमार कशासाठी बाहेर पडलं होतं? धान्य आणायला. धान्य आलं. हाउ कशासाठी गेले होते? फ्रेंच आरमाराला गाठायला आणि धान्य अडवायला. पहिलं जमलं, दुसरं नाही. विजय मोजायचा तर उद्देशावरून मोजावा, तोफांच्या आवाजावरून नव्हे.

पण गोष्ट इथे संपवली तर ती अर्धीच राहील.

काफिला आल्यावर दीड महिन्यात रोबेस्पिएरचं स्वतःचं डोकं गेलं. नव्या राज्यकर्त्यांनी डिसेंबर 1794 मध्ये भावांवरचं नियंत्रण उठवलं. त्यात हिवाळा कमालीचा कडक. नोटा कवडीमोल झाल्या, ज्याच्याकडे पैसा त्याला पाव, बाकीच्यांना रांग. मे 1795 मध्ये पॅरिसच्या बायाबापड्या पाव मागत थेट संसदेत घुसल्या. एका प्रतिनिधीचा खून झाला. सैन्य आणून उठाव चिरडला. ज्या भाकरीसाठी वर्षभरापूर्वी समुद्रात हजारो माणसं कामी आली, तीच भाकरी शहराच्या गल्लीत पोहोचली नाही.

का? कारण बंदर ते बेकरी हे अंतर कुठलंच आरमार पार करून देत नाही. ते काम भावाचं, वाटपाचं, रेशनच्या रांगेचं. कंटाळवाणं काम. त्याला तलवार मिळत नाही, त्यावर पोवाडे होत नाहीत.

हे जुनं झालं म्हणू नका. 2022 मध्ये युक्रेनचं धान्य काळ्या समुद्रात अडकलं, तेव्हा जहाजं सुटावीत म्हणून इस्तंबूलमध्ये करार करावा लागला. वर्षभरात रशिया त्यातून बाहेर पडला. शिडं गेली, इंजिनं आली. भुकेचा हत्यार म्हणून वापर मात्र तसाच आहे.

म्हणून उद्या कुठल्याही सरकारनं, आपल्या किंवा परक्या, 'एवढं लाख टन धान्य आणलं' अशी छाती फुगवली, तर टाळ्या जरूर वाजवा. फक्त एक प्रश्न विचारायला विसरू नका.

गोदामात आलं, ठीक. ताटात कधी येणार?