पांढऱ्यावर पांढरा पापड

कुंडलिकेकाठच्या अष्टमीला मैत्रिणीच्या अंगणात पोह्याचे पापड वाळत होते. तिच्या बचत गटाला ते ऑनलाइन विकायचेत. ॲमेझॉनचा नियम असा, की मुख्य फोटोमागे शुभ्र पांढरंच हवं आणि वस्तूनं चौकटीचा किमान 85 टक्के भाग व्यापावा.

खिडकीपाशी पांढरा कागद लावला, तर फोटोत तो करडाच! पांढरं फार दिसलं की कॅमेरा उजेड कमी करतो. मोबाइलवरची उजेडाची पट्टी वर सरकवली नि जमलं.

या पांढऱ्यावर आपला पापड मोठ्या कंपनीच्या मालाशेजारी बरोबरीनं बसतो, हे खरं. पण अंगण, ऊन, लाटणारे हात पुसले जातात. म्हणून मैत्रिणींनो, दुसऱ्या फोटोत हात दिसू द्या आणि पाकिटावर गटाचं नाव ठसठशीत छापा. नाहीतर कष्ट आपले, नाव व्यापाऱ्याचं!