चौकातील फलकाचा धनी कोण?

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने २००८ साली नांदेडमधील रस्त्यांचे रूप पालटले. रस्ते रुंदावले, वाहने वाढली; परंतु आडरस्त्यावरून मुख्य रस्त्यावर येणाऱ्याने क्षणभर थांबावे, हा साधा संकेत काही रुजला नाही. भल्या सकाळी शिकवणीला निघणाऱ्या मुलामुलींच्या जिवाशी या प्रश्नाची गाठ आहे.

लाल रंगाचा अष्टकोनी ‘थांबा’ फलक याच कामासाठी असतो. त्याचा आकार इतर सर्व फलकांहून वेगळा, मागूनही ओळखू येणारा. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि या फलकाचे उल्लंघन धोकादायक वाहनचालनाच्या प्रकारांत गणले गेले. त्या गुन्ह्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कारावास, एक ते पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शिक्षा कठोर आहे; पण आपल्या शहरांत हा फलक अपवादानेच दिसतो. जो फलक लागलाच नाही, त्याच्या उल्लंघनाबद्दल शिक्षा कोणाला करणार?

याचे मूळ मालकीच्या गुंत्यात आहे. कायद्याच्या कलम ११६ नुसार वाहतूक चिन्हे उभारण्याचा अधिकार राज्य शासनाला व त्याने प्राधिकृत केलेल्या यंत्रणेला आहे. प्रत्यक्षात शहरातील रस्ता महापालिकेचा, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा, राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा आणि वाहतुकीचे नियमन पोलिसांचे. एकाच चौकाला असे अनेक धनी असले, की अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो.

हा गुंता सोडवण्याचे स्थान म्हणजे कलम २१५ मधील जिल्हा रस्ता सुरक्षा समिती. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली या साऱ्या यंत्रणा तेथे एकत्र बसतात. जागरूक नागरिकांनी आपल्या भागातील चौक, तेथील रस्त्यांची मालकी आणि घडलेले अपघात यांची नोंद करून लेखी मागणी समितीपुढे व महापालिकेपुढे ठेवावी आणि निर्णय होईपर्यंत पाठपुरावा करावा. रस्त्याच्या सदोष रचनेमुळे किंवा देखभालीअभावी मृत्यू वा अपंगत्व ओढवल्यास जबाबदार यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे कलम १९८-अ चे स्मरणही त्यात असावे.

फलक उभारणे हे प्रशासनाचे कर्तव्य आहे. तो उभा राहिल्यावर चौकात पोलीस नसतानाही थांबणे, हे समाजाचे. पहिल्या कर्तव्याचा जाब विचारणाऱ्याने दुसऱ्याचा आरंभ स्वतःच्या वाहनापासून करावा.