शाळेला टाळे

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्राउन’ खटल्यात एकमताने निकाल दिला: गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य आहेत. या निकालाचे गोडवे पुष्कळ गायले जातात. तो हाणून पाडण्यासाठी काय काय केले गेले, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही.

‘ब्राउन’मध्ये एकत्र केलेल्या पाच खटल्यांपैकी एक व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीचा. तिथल्या मोटन हायस्कुलात जागा पुरेना म्हणून कृष्णवर्णीय मुलांसाठी डांबरी कागद ठोकलेली खोपटी उभारली होती. पावसात छत गळायचे, थंडीत शेगडीपासून लांब बसलेल्यांना अंगातला कोट काढवत नसे. एप्रिल १९५१ मध्ये सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने शाळेत संप घडवून आणला. सुरुवातीला मुलांची मागणी फक्त धड इमारतीची होती. खटला लढवायचा तर वेगळेपणाविरुद्धच, असे वकिलांनी बजावले आणि मुले त्यालाही तयार झाली.

खटला जिंकला. पण मुलांना एकत्र बसवण्याची वेळ आली तेव्हा, १९५९ मध्ये, काउंटीने सगळ्या सरकारी शाळाच बंद केल्या! गोऱ्या मुलांसाठी खासगी अकादमी निघाली. कृष्णवर्णीय मुलांपैकी कुणी चर्चच्या तळघरात शिकले, कुणाला परगावी नातेवाइकांकडे धाडले, कित्येकांचे शिक्षण कायमचे सुटले. १९६४ मध्ये न्यायालयाच्या दट्ट्याने शाळा उघडल्या, तोवर पाच वर्षे वाया गेली होती.

आता टाळे ठोकावे लागत नाही, शाळा मंडळांच्या हद्दीची रेघ पुरते. गोरी कुटुंबे उपनगरांत गेली. १९७४ मध्ये डेट्रॉइटच्या खटल्यात त्याच न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले, की उपनगरांच्या शाळा मंडळांचा दोष सिद्ध झाल्याशिवाय त्यांना शहराच्या एकत्रीकरणात ओढता येणार नाही. शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो. म्हणजे आईबापांना घर कुठे परवडते, त्यावर मुलाची शाळा ठरते आणि त्या शाळेकडे पैसा किती, हेही बऱ्याच अंशी ठरते. १९५४ च्या निकालाचा खरा पराभव प्रिन्स एडवर्डमध्ये नव्हे, डेट्रॉइटमध्ये झाला.

अमेरिकी संसदेच्या इमारतीत व्हर्जिनियाच्या वतीने उभा असलेला, यादवी युद्धातले दक्षिणेचे सेनापती जनरल रॉबर्ट ली यांचा पुतळा २०२० मध्ये हलवल्यावर व्हर्जिनियाने त्या जागेसाठी बार्बरा जॉन्सची निवड केली. मान योग्यच आहे. तो देणाऱ्यांनी आता शाळा मंडळांच्या हद्दी नव्याने आखायला घ्याव्यात.