गेलेल्या बिऱ्हाडाचा पत्ता

दरवर्षी या पानावर मी शब्दांविषयी काहीबाही लिहितो, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. यंदाचा विषय मात्र माझ्या भाच्याने दिला, आणि तो संगणकाचा आहे. घाबरू नका, फिरून फिरून तोही भाषेपाशीच येतो.

भाचा पुण्याला एका कंपनीत ‘ड्रायव्हर’ लिहितो. ड्रायव्हर चालवायचा सोडून लिहायचा कसा, हा आमच्या हिचा प्रश्न अगदी रास्त होता. तर संगणकाच्या नि फोनच्या पोटात एक मुख्य कारभारी असतो, त्याला कर्नेल म्हणतात. पडद्यावर चित्रे रंगवणारी चिप निराळी असते. या दोघांमधला दुभाषा म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर. आणि हा दुभाषा बसतो कारभाऱ्याच्याच खोलीत, तिजोरीच्या किल्ल्यांशेजारी. म्हणून त्याची चूक महागात पडते.

“मामा, आमची खरी डोकेदुखी म्हणजे सोडलेली जागा पुन्हा वापरणे,” भाचा म्हणाला.

संगणकाची मेमरी म्हणजे लाखो खोल्यांचा वाडा समजा. काम निघाले की खोली मागायची, पत्ता टिपून ठेवायचा, काम संपले की खोली सोडायची. कारभारी ती दुसऱ्याला देतो. पण जुना पत्ता कोणाच्या तरी खिशातल्या चिठ्ठीवर राहून जातो. त्या चिठ्ठीवरून निरोप जातो तो भलत्याच बिऱ्हाडात! पुष्कळदा यातून नुसता पडदा गोठतो. पण एखादा लबाड मनुष्य मुद्दाम मधल्या वेळात त्या खोलीत आपला माणूस बसवतो. कारभाऱ्याला वाटते, खोली आपल्याच माणसाची. तिथून येईल तो हुकूम तो मुकाट्याने बजावतो.

चित्रांच्या कामात हे अधिक घडते, त्याला कारण आहे. मुख्य प्रोसेसर चिपला काम सांगून पुढे निघून जातो. चिप ते आपल्या सवडीने पुरे करते. एकाच चित्राची जागा प्रोग्रॅम, चिप आणि पडदा असे तिघे मिळून वापरतात. तेव्हा पान उचलायचे केव्हा? पंगतीचा न्याय लावला आहे. बसला की एक मिळवायचा, उठला की एक वजा करायचा, शून्य झाले की पान उचलायचे. लिनक्सच्या ग्राफिक्स विभागात ‘जेम’ नावाची व्यवस्था २००८ पासून हीच मोजणी ठेवते. मोजणी सोपी, पण मोजणारे अनेक! कोणी न मोजताच बसतो. कोणी काम बिघडल्यावर निस्तरण्याच्या घाईत दोनदा वजा करतो. कधी एक उठतो त्याच क्षणी दुसरा बसतो.

२०२२ मध्ये असेच एक प्रकरण उजेडात आले. आर्म कंपनीच्या ‘माली’ या चित्र-चिपा पुष्कळ अँड्रॉइड फोनांत असतात. मेमरी कमी पडू लागली की कर्नेलचा झाडूवाला फिरतो आणि ‘काढले तरी चालेल’ अशी खूण केलेल्या जागा रिकाम्या करतो. मालीच्या ड्रायव्हरमध्ये त्याने जागा रिकामी केली, पण वहीतला पत्ता खोडला गेला नाही. एका संशोधकाने दाखवून दिले, की एवढ्या फटीतून साधे, कसलीही खास परवानगी नसलेले ॲप पिक्सेल ६ या फोनचे पुरे मालक होऊ शकते. आर्मने दुरुस्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. पिक्सेलमध्ये ती पोचली जानेवारी २०२३ मध्ये. कडी मोडल्याचे जाहीर, आणि सुतार तीन महिन्यांनी! ज्या जुन्या फोनांना कंपनीने सुधारणा पाठवणेच बंद केले, त्यांच्याकडे तर सुतार यायचाच नाही. असे फोन घरोघर आजीच्या नाहीतर कॉलेजातल्या मुलाच्या हाती दिलेले असतात, आणि बँकेचे व्यवहारही त्यांवरच होतात. याची लाज कंपन्यांना वाटत नाही, याचे मला नवल वाटते.

आता भाषेकडे वळू. हे सारे लिहिले जाते ‘सी’ भाषेत. बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती घडवली. ही भाषा लिहिणाऱ्यावर अमर्याद विश्वास टाकते. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले, की त्यांच्या सुरक्षेच्या दोषांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या घोळाचे असतात. अशा वेळी लिहिणाऱ्यालाच निष्काळजी म्हणत बसणे मला मान्य नाही. व्याकरणच चूक करू देत असेल, तर व्याकरण तपासावे.

ते काम ‘रस्ट’ भाषेने केले. ग्रेडन होअर यांनी २००६ मध्ये ती सुरू केली. पहिली पूर्ण आवृत्ती २०१५ मध्ये आली. तिच्यात प्रत्येक वस्तूला एक मालक असतो. मालक वस्तू वापरायला देऊ शकतो, पण ती बाहेर असताना मोडीत काढू शकत नाही. भाचा याला ‘उसने देणे’ म्हणू लागला, तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला, “उसनी साखर परत येते ती दुसरी साखर! तू म्हणतोस ती शेजारणीने मागून नेलेली सोऱ्या. तीच परत यायला हवी.” इतकी अचूक व्याख्या मला वर्गातही क्वचित ऐकायला मिळते. सोऱ्या शेजारी असताना ती भंगारात घातली, तर रस्टचा पंतोजी प्रोग्रॅम चालू होण्याआधीच कान धरतो.

डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्सच्या ६.१ आवृत्तीत रस्टला प्रवेश मिळाला. ॲपलच्या चित्र-चिपेसाठी रस्टमध्ये ड्रायव्हर लिहायला घेतला, तेव्हा एक गंमत झाली. कोणती वस्तू कोणाच्या आधी संपवायची, हे जुन्या सी विभागांत जाणत्यांच्या डोक्यात होते, कागदावर नव्हते. नव्या सुनेने कुळाचार विचारावा आणि सासरच्यांत भांडण लागावे, तसा वाद झाला. अँड्रॉइडमध्ये मात्र फळ दिसले: मेमरीच्या दोषांचे प्रमाण २०१९ मध्ये ७६ टक्के होते, ते २०२४ मध्ये २४ वर आले.

तरी चिपेशी थेट बोलताना रस्टलाही ‘इथे माझ्यावर विश्वास ठेव’ असे लिहून पंतोजीला बाहेर पाठवावे लागते. आणि सीमधल्या जुन्या ओळी कोट्यवधी आहेत. भाच्याच्या कंपनीचा ड्रायव्हर सीमध्येच आहे. दिवाळीच्या सुट्टीतही तो लॅपटॉप उघडून बसला आहे. चित्र रंगत असताना नेमक्या क्षणी वायर उपसली, तर कुठेतरी एक जास्तीचा वजा होतो. कुठे, ते अजून सापडलेले नाही. चकल्या मात्र तिथेच नेऊन द्याव्या लागतात.