पर्समधला पंप

दिवाळीला ट्रॅव्हल्सने घरी जायचं म्हणजे पॅकिंगचा राडा ठरलेलाच. मागच्या दिवाळीत पुण्याहून यवतमाळला निघालेल्या माझ्या मैत्रिणीच्या बॅगेत सगळं होतं. आईची साडी, बाबांचे शूज, ऑफिसचा लॅपटॉपसुद्धा. नव्हता तो फक्त इनहेलर. विसरली नव्हती बरं का, मुद्दाम ठेवून गेली! 'अगं, स्थळाचं चाललंय. पाहुण्यांनी पंप पाहिला तर?'

आता यवतमाळची दिवाळी म्हणजे कापसाचा सीझन. भाव वाढेल या आशेवर घरातली एक खोली कापसानं भरलेली. त्यात साफसफाईची धूळ, फटाक्यांचा धूर आणि पहाटेची थंडी. लक्ष्मीपूजनाच्या रात्री दोन वाजता बाईसाहेब पलंगावर गुडघ्यांवर हात टेकून बसलेल्या, एक वाक्य धड पुरं होईना. दवाखान्यात नेब्युलायझर लावता लावता डॉक्टरांनी विचारलं, 'पंप कुठाय?' उत्तर होतं, 'पुण्यात.'

दम्यात श्वासनलिका आतून सुजलेल्या असतात. धूळ, धूर, परागकण, सर्दी असं काही निमित्त मिळालं की त्या आवळतात, आत चिकट कफ साठतो आणि छातीतून शिट्टी वाजायला लागते. कापसाच्या धुळीचं तर वेगळंच प्रकरण. कापडगिरण्यांतल्या कामगारांना सुट्टीनंतर सोमवारी कामावर आलं की छाती जखडल्यासारखी व्हायची. त्या आजाराचं नाव बिसिनोसिस, पण तो 'मंडे फीवर' म्हणूनही ओळखला जातो. आपल्या मंडे ब्लूजपेक्षा फारच खराखुरा!

मैत्रिणीच्या आजीचं म्हणणं, 'त्या पंपाची सवय लागते, मंग सुटत नाही.' आजीच कशाला, आपल्या ऑफिसातही असं म्हणणारे आहेतच. आता हिशेब बघा. साल्ब्युटामॉलची गोळी असते २ किंवा ४ मिलिग्रॅमची आणि पंपाचा एक पफ १०० मायक्रोग्रॅमचा. म्हणजे गोळीच्या विसाव्या किंवा चाळिसाव्या हिश्श्याएवढं औषध, तेही थेट हवं तिथे. मग जास्त 'स्ट्राँग' कोण?

खरी गडबड होते ती दुसरीकडेच. धाप लागली की पफ मारायचा, बरं वाटलं की विषय संपला, हा आपला फंडा. पण नुसता रिलिव्हर आवळलेली नळी सैल करतो, आतली सूज तशीच राहते. सूज उतरवतो तो कंट्रोलर, म्हणजे श्वासातून घ्यायचं अगदी कमी डोसचं स्टेरॉइड. दम्याविषयी जगभरासाठी मार्गदर्शन करणारी 'जिना' ही संस्था २०१९ पासून सांगतेय की नुसत्या साल्ब्युटामॉलवर भागवू नका. आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा रिलिव्हर लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही असं समजा आणि डॉक्टर गाठा.

पफ घेण्याचीही पद्धत आहे. पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, सावकाश आत ओढतानाच दाबा आणि दहा सेकंद रोखून धरा. स्टेरॉइडचा असेल तर नंतर चूळ भरा. अटॅक आलाच तर आडवं पडू नका, सरळ बसा. रिलिव्हरचे एकेक करून पफ घ्या. तरीही बोलता येईना किंवा ओठ निळसर दिसले, तर वाट बघू नका, १०८ लावा.

यंदा मैत्रिणीनं पंप आधी पॅक केला, साडी नंतर. घरी कापसाच्या खोलीपासून लांबची खोली मागून घेतली. पंप ठेवला फ्रिजवर, सगळ्यांना दिसेल असा. 'पंप घेतला काय वं?' असं आता आजीच विचारते म्हणे.

आणि स्थळ? फोनवर पहिल्याच बोलण्यात तिनं सांगून टाकलं, मला दमा आहे, रोज औषध घेते. त्यांनी अजून काही कळवलेलं नाही. तिनंही परत विचारलेलं नाही.